बाटलीतला पुरावा

"पुरावा पाहिजे ना तुला? हा घे!" म्हणत डॉक्टर शौनकनं खिशातली काचेची बाटली काढली आणि मुकुलच्या प्रोजेक्टरच्या उजळलेल्या काचेवर ठेवली. भिंतीवरचे आकडे झाकले गेले, तिथं दोन काळे बटाटे उगवले. टॉन्सिल्स! सांगलीतले झाडून सगळे कान-नाक-घशाचे सर्जन पोट धरून हसले.

मुकुलही त्याच धंद्यातला. पण सत्त्याण्णव साली त्याच्या डोक्यात भुंगा शिरला: हलका त्रास असलेल्या बऱ्याच पोरांचा घसा थांबलं तर आपोआप सुधारतो, मग कापायचं कुणाला हे सवयीवर नको, पुराव्यावर ठरवू. दर महिन्याला तो हे शिकवायचा. मंडळी यायची, पण औषध कंपनीच्या जेवणाला. आज त्याला एकच माणूस हवा होता. शौनक 'हो' म्हणाला, तर दोघांनी मिळून निम्मी पोरं कापायची, निम्मी वर्षभर थांबवायची आणि काय ते इथंच बघायचं. एकट्याकडं तेवढी पोरं कुठली? 'थांबा' म्हणणाऱ्या डॉक्टरकडं येतंय कोण!

"साक्षीदारपण आणलाय," शौनक म्हणाला. "या आप्पासो."

आटपाडीचे आप्पासो पोरीचं बोट धरून आत आले. ही माया; तिला मुकुलनंच न कापता थांबायला सांगितलं होतं.

"सायेब, रागावू नगा. आई म्हनली, ह्यो कसला डाक्टर, कापत बी न्हाई! ह्या सायबांनी कापलं, भाईर आणून दावलं. तवापास्नं ताप न्हाई बगा."

"न कापताही गेला असता. कदाचित."

"कदाचित!" शौनक ओरडला. "कदाचितवर दवाखाना चालतो होय रे?"

"मग मोजू या ना. तू आणि मी."

"मुकुल्या, मी कापतो, दाखवतो, लोक पाया पडतात. मोजू कशाला? चल, मटण गार होतंय."

हॉल रिकामा झाला. आप्पासो मात्र घुटमळले.

"सायेब, ती बाटली... आईला दावायची हाय."

मुकुलनं बाटली आपल्या रुमालात नीट गुंडाळून दिली. मग मायाला प्रोजेक्टरच्या उजेडाकडं वळवलं. "आ कर बघू."

घसा स्वच्छ होता.

"झकास," तो म्हणाला. "जा आता, एस्टी चुकेल."

शेजारच्या खोलीत ताटं वाजत होती. भिंतीवर आकडे परत आले होते. मुकुल पहिल्या रांगेत, शौनकच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि वाचू लागला.