मंगळवारची सही

माझ्या हृदयात स्टेंट बसवून तीन आठवडे झाले होते आणि मी घरबसल्या शूरवीर झालो होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायको तीच गोष्ट रंगवून सांगायची. छातीत कळ आली, तरी ह्यांनी स्कूलबस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच कोसळले. बत्तीस मुलांना साधा ओरखडा नाही, आणि त्यात आमची नातही होती! मी वरवर "अगं, पुरे" म्हणायचो आणि तिचा एखादा तपशील राहिला तर आठवणही करून द्यायचो.

रविवारी मुलगी आलेली असताना डेपोचे सुपरवायझर आले. चहा होताच त्यांनी एक कागद काढला. गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने रोज त्यावर सही करायची, की माझी प्रकृती ठीक आहे. आम्ही जुने ड्रायव्हर सोमवारीच आठवडाभराच्या सह्या ठोकून मोकळे होतो. मला झटका आला मंगळवारी. म्हणजे बुधवार ते शनिवार मी आयसीयूत आडवा होतो आणि कागदावर ठणठणीत. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

"हे चार दिवस मी खोडतो," सुपरवायझर म्हणाले. "मंगळवारचं तेवढं लिहून द्या, की निघताना बरा होतो, दुखणं वाटेत सुरू झालं. शाळा तुमचा सत्कार करतेय, उगाच मागे नसतं शुक्लकाष्ठ नको."

मी पेन घेतलं.

"बाबा, नक्की कुठे सुरू झालं रे?" मुलीने सहज विचारलं. "आमच्या स्टॉपच्या आधी की नंतर? तुझा शर्ट घामाने चिंब होता. मी विचारलं तर खेकसलास माझ्यावर. बसव तिला लवकर, उशीर होतोय, म्हणालास."

आता खोटं कशाला बोलू, खोटंच बोलायचं माझ्या मनात होतं. 'नंतर' एवढा एक शब्द पुरला असता. पण ती माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, की माझी जीभच उचलेना.

"पहाटे पाचला," मी म्हणालो. "घरीच."

"मला तर पित्त म्हणालात!" बायको ओरडली. "थंड दूध दिलं मी तुम्हाला!"

मग सगळंच सांगून टाकलं. डेपोत पोचलो तेव्हा हात जड झाला होता. बदली ड्रायव्हर समोर बाकावर बसला होता, त्याला नुसती हाक मारायची होती. पण बावीस वर्षांत माझी गाडी एकदाही चुकली नाही, ही माझी मिजास. ती मोडू नये म्हणून मी बत्तीस मुलं गाडीत घेतली, स्वतःच्या नातीसकट. आणि गाडी मी कडेला घेतलीच नव्हती. नातीच्या स्टॉपनंतरच्या तिसऱ्या स्टॉपवर मुलं घ्यायला गाडी उभी होती, तिथून मला ती पुढे काढताच आली नाही. आणखी दोन मिनिटांनी आम्ही उतारावर असतो.

"मी काही ऐकलं नाही," सुपरवायझर पुटपुटले. मी तरीही कागदावर लिहिलं, पहाटे पाच, घरी. अक्षर घाणेरडं आलं. सत्कार गेला, गाडीही गेली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

मुलीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझ्या रात्रीच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, चपला घातल्या आणि गेली. नातीला आता ती स्वतः शाळेत सोडते.

रोज सकाळी तिचा फोन मात्र येतो, एकही दिवस चुकत नाही.

"बाबा, कसं वाटतंय? छातीत काही?"

"छान आहे गं. काही नाही."

"बरं," ती म्हणते. "आईला दे."