निळा भोपळा

आईने बाबांना वर्षानुवर्षं फसवलं आणि त्या कटात मी तिच्याबरोबर होते.

बाबांना निळा भोपळा चालत नसे. आमच्याकडे अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरात तो प्रत्येकाच्या परसात होतो. खडबडीत साल, वासराच्या डोक्याएवढा आकार. बाबा लहान असताना एका हिवाळ्यात घरात दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांच्या आईने बर्फ वितळेपर्यंत रोज तोच उकडून वाढला. लग्न ठरतानाच त्यांनी आईला बजावलं होतं, "वाटेल ते रांध, पण ते निळं भूत माझ्या ताटात नको."

आई "बरं" म्हणाली. पण थँक्सगिव्हिंगला, आभार मानायच्या सणाला, पिठाच्या पारीत गर भरून भाजायची गोड पाई केशरी भोपळ्याची केली की पाणचट होते, असं तिचं मत होतं आणि तिचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परसातले निळे भोपळे चर्चच्या जेवणासाठी आहेत, असं ती सांगायची. बाबा लाकडं तोडायला रानात गेले की त्यातलाच एक गोठ्यामागच्या दगडी पायरीवर आपटून फोडायची, साली डुकरांना टाकायची आणि आतला केशरीच गर वाफवून ठेवायची. पहारा माझ्याकडे असे.

सणाच्या दिवशी पाईचा पहिला घास बाबांचा. घास गिळून ते दरवर्षी तेच म्हणायचे, "याला म्हणतात भोपळा! नाहीतर ते निळं भूत!" आई झटकन चुलीकडे तोंड फिरवायची. तिचे खांदे हलताना मला दिसायचे.

या एप्रिलमध्ये आई गेली.

तेव्हापासून बाबा टेबलाशी बसून जेवलेच नाहीत. सिंकपाशी उभ्या उभ्या पावाचा तुकडा चावायचा, झालं जेवण. पँट दोरीने बांधायची वेळ आली. मी जवळच राहते. रोज काहीतरी करून आणायचे आणि रोज तसंच परत न्यायचे. हा माणूस असा भुकेनेच आईच्या मागे जाणार, अशी मला धास्ती होती. थँक्सगिव्हिंगचं विचारलं तर म्हणाले, "आभार मानायचे? कशाबद्दल?" मला राग आला.

तळघरातल्या फ्रीझरमध्ये आईने गेल्या वर्षी गोठवलेल्या गराची एकच पिशवी उरली होती. बाबा रोज खाली जाऊन झाकण उघडून ती बघत. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

सणाच्या आधी गारठलेला पाऊस पडला. फांद्यांवर बर्फ चढला, त्या तारांवर कोसळल्या आणि वीज गेली. बाबांनी घरातल्या सगळ्या रजया नेऊन फ्रीझरवर घातल्या. पिशवी बाहेर ठेवावी तर लगेच ऊन पडलं आणि सगळं टपटप गळायला लागलं. सणाच्या सकाळी मी खाली गेले तेव्हा ते फ्रीझरशेजारी खोक्यावर बसले होते. मी झाकण उचलून पिशवी दाबून बघितली. मऊ लागली.

"बाबा, वितळलंय."

"वीज येईल."

"आली तरी काय? एकदा वितळलेलं परत गोठवून चालत नाही. आज पाई केली नाही तर उद्या फेकायचं."

"मग फेकू."

"फेकू?" माझा आवाज चढला. "तिने हात सोलवटून घेतले होते त्यासाठी! आई त्या पिशवीत नाहीये, बाबा!"

तोंडातून गेलं ते गेलं. बाबा उठले, एकेक रजई काढून घडी करून ठेवली आणि पिशवी दोन्ही हातांत धरून जिना चढले.

आईची लाकडांची, आत भाजायचा कप्पा असलेली जुनी चूल स्वयंपाकघरात अजून होती. बाबांनी स्वतः लाकडं आणून ती पेटवली. मी गरात अंडी, साय, मेपलचा पाक, दालचिनी, सुंठ घालून फेटायला लागले. मनात एकच प्रश्न होता. आता खरं सांगावं की आईचं गुपित एकटीने सांभाळत राहावं?

"निळाच ना?" बाबांनी विचारलं.

माझा हात थांबला.

"लॉरेल, डुकरांचा गोठा कोण साफ करायचं? तू की तुझी आई?"

"म्हणजे तुम्हाला..."

"लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. घाण उपसतोय तर खाली निळ्या साली. मी काय आंधळा होतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. तापून आत आलो. तर सणाची पाई ताटात वाढलेली आणि तुझी आई, माझी विनिफ्रेड, तिथे चुलीपाशी उभी, श्वास रोखून, मी घास घेतोय का बघत. त्या उन्हाळ्यात आमचं पहिलं बाळ गेलं होतं, पोरी. तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी घास घेतला आणि जे सुचलं ते बोललो. ती वळली आणि हसली. मग दरवर्षी बोलत राहिलो."

"आणि चव?"

"पहिली काही वर्षं नुसता गिळायचो. मग कधी आवडायला लागली, कळलंच नाही."

मी फेटलेला गर पारीत ओतला आणि पाई चुलीत ठेवली.

दुपारी ती बाहेर काढली, जरा निवू दिली आणि दोन ताटल्या मांडल्या. बाबा टेबलाशी येऊन आपल्या खुर्चीवर बसले. पहिला घास त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरला. मी चुलीपाशी उभी होते, श्वास रोखून, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"याला म्हणतात भोपळा," ते म्हणाले. खाकरून परत म्हणाले, "याला म्हणतात भोपळा. नाहीतर ते निळं भूत."

मी झटकन चुलीकडे तोंड फिरवलं. मागे त्यांचा काटा ताटलीवर वाजत होता. ते खात होते.