पट्टीखालचा दाणा

यंदा खंडेनवमीला कंप्रेसरची पूजा आईंनीच करायची, असं मी ठरवलं होतं आणि मी ठरवलं की ठरवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंबाबाई. कशेळ्याचं हे पंक्चरचं दुकान त्यांनी आणि मामंजींनी मिळून उभं केलं. मामंजी गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून आईंनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता.

"माझ्या हातानं नको गं," त्या म्हणाल्या.

"मग कुणाच्या? ते मशीन तुमालाच वळखतं," मी म्हटलं. शेवटी धुऊनपुसून ठेवलेल्या मशीनला त्यांनी हळद-कुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या.

दसऱ्याच्या सकाळी हिरू ड्रायव्हरची जीप पंक्चर होऊन दारात उभी, आत कर्जतचं भाडं. मी फिल्टर बसवून बटण दाबलं. मशीन धडधडतंय, पण टाकीवरचा हवेचा काटा जागचा हलेना. शेजारच्या मैनाकाकी नेमक्या तेव्हाच आल्या.

"म्हणून म्हणत्यात, रीतभात पाळावी," त्या म्हणाल्या. आई तोंडाला पदर लावून आत गेल्या. माझं डोकंच फिरलं.

फिल्टरच्या तोंडावर हात धरला. तिथून मशीननं हवा नुसती ओढायची असते, पण ते ओढतही होतं आणि परत हातावर फेकतही होतं. आत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दट्ट्या खाली गेला की एक उघडते, हवा आत येते. तो वर आला की ती मिटते आणि दुसरी उघडून हवा टाकीत जाते. आमची पहिली पट्टी मिटतच नव्हती.

मशीन बंद करून पट्ट्यांवरचं हेड खोललं. पट्टीखाली तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल झालेला.

वाटलं, फेकून द्यावा, आईंना कळायलाच नको. पण मग त्या जन्मभर आपल्या हाताला दोष देत बसल्या असत्या. आत जाऊन दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. "ही तुमची अक्षता. पूजेला फिल्टर मी वाळत घातलेला, मशीनचं तोंड उघडंच होतं. मैनाकाकींनी वाहिली असती तरी अशीच अडकली असती."

आईंनी दाणा बोटानं उलटसुलट केला. मग हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसले. मी हेड बसवल्यावर बटण त्यांनीच दाबलं. काटा चढला. हिरूचं पंक्चर काढून टायरात हवा भरता भरता आई मैनाकाकींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पूजेआधी फिल्टर बसव गं. माझा हात सढळ हाय."