स्पार्कएवढी वाट

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. उत्तर स्वीडनमधलं आमचं लहानसं गाव. जानेवारीतली सकाळ, पण बाहेर काळोखच. रात्रभर बर्फ पडलाय. आता सांगा पाहू, आधी काय साफ करायचं? मोटारींचा रस्ता, की माणसांची पायवाट?

या प्रश्नाने सिग्नेला कितीतरी वर्षं स्वस्थ बसू दिलं नव्हतं. ती नगरपालिकेच्या रस्ते खात्यात होती. तिची आई पायवाटेवर घसरून पडली, खुबा मोडला, पुन्हा उभी राहिलीच नाही. तेव्हा सिग्नेने योजना लिहिली: आधी पायवाटा, मग रस्ते, आणि पाय घसरू नये म्हणून प्रत्येक पायवाटेवर बारीक खडी. बैठकीत टाळ्या पडल्या. पण पायवाटांसाठी लहान यंत्रं नव्हती. यंत्रं आली तर चालवायला माणसं नव्हती. मग नवा खातेप्रमुख आला आणि त्याने योजनेचं नावच बदललं.

"सिग्ने, मुखपृष्ठं किती बदलतेस गं!" बर्फ हटवायचं यंत्र चालवणारा टूरे चिडवायचा. "योजनेला चाकं कधी लावणार?"

या हिवाळ्यात ती चाकं लागली. आज सिग्नेचा पाय कचेरीत ठरेना. ती पायवाटेवरून निघाली, जागोजागी टाच दाबून बघू लागली. टूरेने यंत्र थांबवलं.

"झालं समाधान? मांजरसुद्धा घसरायचं नाही."

"वळणावर खडी टाकलीस ना?"

"टाकली गं बाई! जा, कॉफी पी."

ती वळणाकडेच गेली. तिथे लोखंड खरवडल्याचा कर्कश आवाज आला.

म्हातारा आल्गोट आपल्या स्पार्कला रेटत होता. स्पार्क म्हणजे खुर्चीच, पण तिच्या खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. मागे उभं राहून एका पायाने ढकललं की बर्फावरून सुळकन जाते. आल्गोटची बायको वृद्धाश्रमात होती आणि सकाळची लापशी फक्त त्याच्याच हातून खायची. एवढं लांब चालणं त्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. स्पार्कवरून मात्र तो रोज पोहोचायचा, वाटेत शेजारच्या एल्वीला शाळेत सोडून.

आज पट्ट्या खडीत रुतल्या होत्या.

"उतर, एल्वी."

"कधीच उतरलेय. आता तूच जड आहेस."

आल्गोटला सिग्ने दिसली. "ही तुझी करामत का?"

"आता तू पडणार नाहीस, आल्गोट."

"पडणार नाही, आणि पोहोचणारही नाही."

सिग्ने गोरीमोरी झाली. "मी गाडी बोलावते."

"आज बोलावशील. उद्या?"

तेवढ्यात खर्र खर्र ऐकू आलं. जवळच्या दारात बुटांवरचा बर्फ झटकायला ठेवलेला झाडू घेऊन एल्वी खडी लोटत होती.

"थांब! खडी काढायची नाही. लोक पडतात."

"सगळी कुठे काढतेय? आमच्यापुरती."

"सगळ्यांनीच आपापल्यापुरती काढली तर?"

एल्वीने विचार केला. "मग तू सांग ना, किती काढू ते."

सिग्ने वाटेकडे बघत राहिली. कागदावर ती वाट म्हणजे नुसती एक रेघ होती. इथे ती चांगली ऐसपैस होती.

"कडेने," ती हळूच म्हणाली. "एका स्पार्कएवढी. बाकी खडी राहू दे."

तिने टूरेला फोन लावला. "यंत्रावरच्या खडीच्या पेटीचं कडेचं झाकण बंद ठेव. आश्रमापर्यंत."

"आजच्यापुरतं?"

"रोज."

"प्रमुखांना विचारलंस?"

"विचारीन."

"मी आता तळ्यापलीकडे आलोय. आजच्या वाटेचं तुम्हीच बघा."

"लापशी गार होतेय," आल्गोट पुटपुटला. त्याचे हात स्पार्कच्या दांडीवर घट्ट होते. तो आश्रमाच्या उजळलेल्या खिडक्यांकडे बघत होता.

मग एल्वीने काय केलं माहीत आहे? झाडू सिग्नेच्या हातात दिला. आल्गोटची बोटं दांडीवरून अलगद सोडवली, त्याला त्या दाराच्या पायरीवर बसवलं. आणि रिकामा स्पार्क ओढत ती वाटेच्या कडेने पुढे चालू लागली. लोखंड करकरत होतं, आणि तिच्या मागे खडीत दोन सरळ रेघा उमटत होत्या, सिग्नेने कुठून कुठपर्यंत झाडायचं ते दाखवत.