चौकशीची अठरा मिनिटं

तिला घरात सगळे चौकशी म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलं होतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. पोरगी चार वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर कामावर गेली आणि दोर तुटला तर काय, दोन तुटले तर काय, सगळेच तुटले तर काय, असं विचारत बसली. संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "ही मुलगी नाही, चौकशीची खिडकी आहे. आणि बंद व्हायची वेळ लिहिलेली नाही."

घर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं. रविवारची प्रार्थनासभा कधी चुकायची नाही. चौकशीही न चुकता जायची, न चुकता प्रश्न विचारायची. ग्रंथ वाचून देवाला मनापासून विचारलं की उत्तर मिळतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा विचारलं. मग दर आठवड्याला. आईला उत्तर मिळालं होतं, वडिलांना मिळालं होतं, मावशीला तर स्वयंपाक करता करता मिळालं होतं. हिला नाही.

म्हणून विसाव्या वर्षी तिने मिशनरी व्हायचा अर्ज भरला, तेव्हा घर चकित झालं. मावशी म्हणाली, "अगं, तुलाच अजून पटलेलं नाही आणि तू लोकांना काय सांगणार?"

"तेच बघायचंय," चौकशी म्हणाली.

तिला दूरच्या एका थंड देशात दीड वर्ष काम मिळालं. तिथली भाषा शिकायला आधी नऊ आठवडे प्रशिक्षण केंद्रात राहायचं होतं. केंद्र म्हणजे विटांच्या चार इमारती. एका खोलीत दोन दुमजली पलंग, चार टेबलं, एक खिडकी. सकाळी साडेसहाला उठायचं, दिवसभर भाषा आणि ग्रंथ, साडेदहाला दिवे बंद. छातीवर आडनावाचा काळा बिल्ला. घरी फोन आठवड्यातून एकदा. आणि सगळ्यात अवघड नियम म्हणजे कायम जोडीने राहायचं. न्हाणीघर सोडलं तर कुठेही एकटं जायचं नाही.

चौकशीची जोडीदारीण बेकरीवाल्याची मुलगी होती. उंच, रुंद खांद्यांची, पहाटे उठायची सवय असलेली. तिला प्रश्न पडतच नसत. प्रार्थनेला बसली की दोन मिनिटांत चेहरा शांत. भाषाही तिला पाण्यासारखी जमायची. शिकवणाऱ्या बाईंनी वाक्य एकदा म्हटलं की हिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवावं. चौकशी मात्र क्रियापद वाक्याच्या मध्येच का येतं हे विचारत बसायची आणि तोवर वर्ग तीन पानं पुढे गेलेला असायचा.

"तू आधी बोल ना गं," जोडीदारीण म्हणायची. "का ते मग कळेल."

"का ते कळल्याशिवाय माझं तोंडच उघडत नाही."

"मग तिथे जाऊन दीड वर्ष हातवारे करणार आहेस का?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांना पहिला सराव मिळाला. ती भाषा मातृभाषा असलेला एक म्हातारा शिंपी दर बुधवारी दुपारी केंद्रात यायचा. तो पंथातला नव्हता. एका छोट्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा आणि मिशनरी जोड्या त्याच्यापुढे वीस मिनिटं बोलायच्या. जोडीदारीण पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलली. चौकशीच्या वाट्याला प्रार्थनेविषयीचा भाग होता. तिची दातखिळीच बसली. कसंबसं ती म्हणाली, "मी आनंद. देव ऐकणे. आपण बोलणे."

शिंप्याने चष्मा काढला आणि एक प्रश्न विचारला. दोघींनाही तो कळला नाही. जोडीदारणीने हसून पुढचं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. शिंप्याने चष्मा परत चढवला आणि राहिलेला वेळ तो टेबलाच्या कडेकडे बघत बसला.

परतताना जोडीदारीण खुशीत होती. चौकशी म्हणाली, "त्यांनी काय विचारलं असेल?"

"सराव आहे गं तो. खरं थोडंच विचारतात."

पण चौकशीच्या डोक्यातून ते जाईना. प्रश्नातले आठवतील तेवढे आवाज तिने वहीच्या कडेला लिहून ठेवले.

त्या रविवारी सभेत एकेकाने उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची होती. प्रत्येक जण म्हणत होता, "मला माहीत आहे की हे खरं आहे." चौकशीची पाळी आली. ती उभी राहिली, पण शेजारच्यांसारखं वाक्य जिभेवर येईना. शेवटी म्हणाली, "मला माहीत करून घ्यायचंय." मागे कुणीतरी खोकलं. ती बसली आणि तिचे कान तापले. बाहेर पडताना शिकवणाऱ्या बाई, ज्या स्वतः वर्षापूर्वीच मिशनवरून परतल्या होत्या, एवढंच म्हणाल्या, "तुझं व्याकरण बरोबर होतं." हे चांगलं की वाईट, ते चौकशीला कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात भलतंच घडलं. सुट्टीचा अर्धा दिवस होता. दोघी तळघरात कपडे धूत होत्या. मशीन थांबलं तरी जोडीदारीण उठेना. मांडीवर कोरड्या मोज्यांचा ढीग घेऊन ती म्हणाली, "मी घरी जातेय. उद्या केंद्राच्या अध्यक्षांना सांगणार आहे."

चौकशीला वाटलं, आपणच काहीतरी चूक केली. "माझ्यामुळे का?"

"नाही गं. मला इथे आल्यापासून काहीच जाणवत नाही. पाच आठवडे झाले. घरी प्रार्थना केली की लगेच कळायचं, तो आहे म्हणून. इथे मी गुडघे टेकते आणि नुसती फरशी लागते."

"मग रोज चेहरा शांत कसा असतो तुझा?"

"सवय आहे चेहऱ्याला."

तिला धीर द्यावा, एखादं वचन सांगावं, हे चौकशीला सुचायला हवं होतं. पण तिला सुचला प्रश्न. "घरी कसं जाणवायचं? म्हणजे नेमकं कुठे?"

जोडीदारीण वैतागली. मग विचार करायला लागली. "इथे, छातीत. भट्टीचं दार उघडल्यावर येते ना, तशी ऊब."

"आणि हे कधीपासून?"

"सात-आठ वर्षांची होते. बाबा पाव काढायचे आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून प्रार्थना म्हणायचे."

"म्हणजे भट्टी तिथे खरीच होती."

जोडीदारणीने तिच्याकडे बघितलं आणि हसायला लागली. मग हसता हसता रडली. चौकशी घाबरून तिच्या हातातले मोजे घेऊन जोड्या लावू लागली.

"तुला काय वाटतं प्रार्थना करताना?" जोडीदारणीने नाक पुसत विचारलं.

"काही नाही. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं? मग तू अजून विचारतेस कशाला?"

सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या पोरीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने काळ्या मोज्याला निळा मोजा जोडला. "माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "पण विचारताना एकटं वाटत नाही. भिंतीला कुणी इतकी वर्षं प्रश्न विचारत नाही ना. मला कंटाळा यायला हवा होता. आला नाही."

जोडीदारणीने उठून मशीनमधले कपडे काढले. मग म्हणाली, "बुधवारी शिंपीकाकांकडे आपली पाळी आहे. तेवढं करते. मग जाते."

बुधवारी खोलीत शिरल्यावर जोडीदारणीने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच थांबली. तिला पुढचं आठवत होतं, पण म्हणवेना. चौकशीने वही उघडली आणि कडेला लिहिलेले ते आवाज मोठ्याने वाचले. "हे तुम्ही विचारणे. आम्ही समजणे नाही. काय?"

शिंपी खुर्चीत पुढे सरकला. दोन आठवड्यांपूर्वीचा आपला प्रश्न त्याने सावकाश, एकेक शब्द तोडून परत म्हटला. 'तुमचा देव माझी भाषा समजतो का?'

"समजणे," चौकशी म्हणाली. मग थांबून, "मी समजणे नाही. तुम्ही इथे येणे का?"

शिंप्याने सांगितलं. त्यातलं निम्मं दोघींना कळलं, तेवढं पुरेसं होतं. तो चाळीस वर्षांपूर्वी या शहरात आला. बहीण बरोबर होती. दोघं एकाच दुकानात शिवणकाम करत आणि दिवसभर आपल्या भाषेत भांडत. तीन वर्षांपूर्वी बहीण गेली. आता त्याच्याशी त्या भाषेत बोलणारं शहरात कुणी नव्हतं. म्हणून तो इथे येत असे. मुलं चुकीचं बोलत, पण बोलत तरी. देवाबिवावर त्याचा विश्वास नव्हता. "सगळे मला सांगतात," तो म्हणाला. "विचारलं कुणी नव्हतं."

जोडीदारणीने या भाषेत पाठ न केलेलं पहिलं वाक्य जुळवलं. "बहीण... भांडण... कशावर?"

"बटणांवर," शिंपी म्हणाला आणि पोट धरून हसला. बहिणीला मोठी बटणं आवडत आणि त्याला लहान.

उठायच्या आधी त्याने एक मागणं केलं. त्यांनी त्याच्या भाषेत प्रार्थना करावी, त्याला नुसती ऐकायची होती. चौकशीने डोळे मिटले. बहिणीबद्दल आभार मानले, बटणांबद्दल मानले. पुढे 'याच्याजवळ राहा' म्हणायचं होतं आणि 'राहा' हा शब्द तिला येत नव्हता. येत होता तो 'बस'. ती म्हणाली, "देवा, इथे बस." त्यापुढे शब्दच नव्हते, म्हणून ती गप्प झाली.

त्या गप्प असण्यात तिला वाटलं, कुणीतरी नीट कान देऊन ऐकतंय. शिंपी असेल, जोडीदारीण असेल. की आणखी कुणी? डोळे उघडून बघायचा मोह तिने आवरला. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिला घाईने उत्तर नको होतं. ती तशीच थांबली आणि थांबणं तिला जड गेलं नाही. शेवटी शिंप्यानेच 'आमेन' म्हटलं. घड्याळात पाहिलं तर जोडीदारणीचं पाठ केलेलं वाक्य तुटल्यापासून अठरा मिनिटं झाली होती. त्यातली एकही पाठ केलेली नव्हती.

जोडीदारीण अध्यक्षांकडे गेली नाही. तिला त्या दिवशी छातीत ऊब जाणवली का, असं चौकशीने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नाही जाणवली. पण मला काकांना पुढच्या बुधवारी विचारायचंय, शेवटी जिंकायचं कोण." राहिलेले सगळे बुधवार दोघी त्याच्याकडे गेल्या. चौकशीचं बोलणं अडखळतच राहिलं, पण आता ती अडखळत पुढे जायची.

नऊ आठवडे संपल्यावर दोघींना वेगवेगळ्या गावांत पाठवलं. पहिल्या सकाळी चौकशी आपल्या नव्या जोडीदारणीबरोबर पाच मजली इमारतीचे जिने चढली. चार दारं उघडलीच नाहीत. पाचव्या दारात एक बाई उभी राहिली, हाताला रंग लागलेला, कपाळाला आठ्या. तिने भरभर काहीतरी म्हटलं. चौकशीला त्यातला एकच शब्द कळला, 'का'.

तिला बाईबद्दल एकदम आपलेपणा वाटला. "सावकाश म्हणणे," ती म्हणाली. "मी ऐकणे."