तेक्लाचा क्रूस

हाफियाचं गाव आता नकाशावर नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना सैनिकांनी बिलीवेर्खच्या सगळ्या लेम्को, म्हणजे स्वतःची वेगळी भाषा असलेल्या डोंगरी कुटुंबांना मालगाडीत भरून पोलंडच्या पार पश्चिम टोकाला नेऊन सोडलं. मागे घरं जळाली, चर्च पडलं. उरली ती उतारावरची दफनभूमी, तीही गवतात बुडालेली. साठीला टेकल्यावर हाफिया पहिल्यांदाच परत आली होती. सोबत सून बोजेना. पोलिश घरातली, तोंडाने फटकळ, कामाला वाघ.

“आई, या गवतात साप निघाला तर?”

“निघाला तर आपल्याच गावचा असेल. ओळख सांग त्याला.”

बोजेना हसली आणि विळा चालवू लागली.

चर्चची जागा लिंडेनच्या जुन्या झाडांवरून कळत होती. हाफियाच्या आईने मरेपर्यंत तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. चर्चच्या दाराशी उभी राहा, ओढ्याकडे तोंड कर, डाव्या हाताने वर चढ. जिथून ओढ्याचं वळण दिसेल तिथे आपली माणसं आहेत.

हाफिया तशीच चढत गेली. वळण दिसलं आणि पायाला दगड लागला. भला थोरला क्रूस, जमिनीवर पालथा पडलेला.

“सापडला गं!”

“सापडला काय सापडला? तो आमचा आहे,” मागून आवाज आला. पूर्वी वरच्या आळीत राहिलेला म्हातारा सेमान दुद्रा काठी टेकत येत होता, मागे त्याची दोन दांडगी मुलं. “दर उन्हाळ्यात मी इथेच मेणबत्ती लावतो. आजोबांनी मला बोटाने दाखवलेली जागा आहे ही.”

“मग इतकी वर्षं त्याला पालथाच ठेवलास होय?”

“बोलायला काय जातंय! आम्हा तिघांना हलला नाही तो.”

“आता पाच जण आहोत. घाला पहारी.”

मुलांनी पहारी घातल्या, बोजेनाने खांदा लावला, सेमान नुसताच ओरडत राहिला. क्रूस उलटला. पालथा असल्यामुळे ऊनपाऊस त्याच्या तोंडाला लागलाच नव्हता. बोजेनाने ब्रशने माती काढली, बाटलीतलं पाणी ओतलं, तशी अक्षरं काल कोरल्यासारखी वर आली.

“माझा चष्मा गाडीत राहिला,” सेमान घाईघाईने म्हणाला.

हाफिया गुडघ्यांवर बसली. पोलिशहून वेगळ्या लिपीतली ही सिरिलिक अक्षरं तिला आईने पिठात बोट फिरवून शिकवली होती. ती एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली:

“हा क्रूस विधवा तेक्ला कुरिलो हिने उभा केला. नवरा पेत्रो याच्यासाठी, आणि पटकीत गेलेल्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांच्यामागे क्रूस उभारायला कुणी उरलं नाही.”

तेक्ला कुरिलो म्हणजे आईची आजी. हाफियाने ते नाव तळहाताने पुसलं, पुन्हा पुसलं. आता त्यावर माती नव्हतीच.

सेमानने टोपी काढली. “माझ्या आजोबांचे आईबाप एकाच आठवड्यात पटकीने गेले. त्यांना कुणा विधवेने वाढवलं म्हणायचे. ते तिला काकू म्हणत. नाव आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

“म्हणजे तू आमच्या तेक्लापाशीच मेणबत्ती लावत होतास.”

“आमच्या म्हणे! माझ्या आजोबाला तिने घास भरवलाय. अर्धी तरी माझी.”

“घे अर्धी. पण जीभ तिची फार तिखट होती म्हणतात. ती माझ्या वाट्याला आधीच आलीय.”

“त्याची साक्ष मी देते!” बोजेना म्हणाली, आणि सेमानची मुलं गवतात बसून हसू लागली.

दुपारी ठरल्याप्रमाणे प्रार्थनेसाठी धर्मगुरू आले. आसपासच्या उजाड झालेल्या गावांत एकेकाळी राहिलेली माणसं कबरींभोवती गोळा झाली. मृतांसाठीची प्रार्थना सुरू करण्याआधी धर्मगुरूंनी विचारलं, “इथे कुणाची नावं घ्यायची?”

तिकडे पश्चिमेला आयुष्यभर हाफिया आपली भाषा दार लावून, हळू आवाजात बोलत आली होती. आता ती ताठ उभी राहिली आणि ओढ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “तेक्ला. पेत्रो. आणि तेक्लाने ज्यांना आपलं म्हटलं ते सगळे.”

“आमेन,” सर्वांत आधी सेमान म्हणाला.

पानगळ सुरू व्हायच्या आत त्याच्या मुलांनी नवा पाया घालून क्रूस उभा केला. त्या दिवशीही हाफिया आली. बोजेनाने पहिल्या ओळीवर बोट ठेवून, अडखळत का होईना, तेक्लाचं नाव स्वतः वाचलं, आणि हाफियाने जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, “ही माझी सून.”