सांगून वाढलेलं ताट

“भुकेला कोंडा आन् निजेला धोंडा! एक दिवस काय देऊ नको तिला. मग बघ, कशी मुकाट सगळं खाते ती,” दिनानाथ आपल्या सुनेला म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

समीक्षाने लेकीची ताटली पुढे सरकवली. तिच्यासमोर सहा वर्षांची मनाली बसली होती. मनालीच्या ताटलीत पोहे होते. जाडे, पांढरे, नुसते तेल-मिठावर परतलेले. हळद नाही, कांदा नाही, कोथिंबिरीचं एक पानही नाही. मनाली एकूण चारच पदार्थ खायची. हे पोहे, दहीभात, बटाट्याच्या कुरकुरीत काचऱ्या आणि एका ठराविक पुड्यातलं बिस्किट. बिस्किट तुटकं निघालं तर तेही नको.

मनालीला स्वमग्नता आहे, हे पनवेलच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांनी समजावलंही होतं की हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी असते. आपल्याला जो वास जाणवतही नाही, तो अशा बऱ्याच मुलांना नाकाशी धरल्यासारखा येतो. आपल्याला मऊ वाटणारा घास त्यांना चिखलासारखा लागू शकतो. त्यामुळे रोज तसंच दिसणारं, तसंच लागणारं अन्न त्यांना सुरक्षित वाटतं. समीक्षाला हे पटलं होतं. तिचा नवरा सुशील कंपनीतल्या शिफ्ट सांभाळत जमेल तेवढं वाचत होता. पण आळीतल्या बायका दारातून जाता जाता म्हणायच्याच, “आयशीनंच लाडावून ठेवलंय गो हिला!”

आणि दिनानाथांनाही मनातून तसंच वाटायचं.

दिनानाथांचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना होता. वाहतुकीत एखाद्या मूर्तीला तडा गेला की दुरुस्तीला ती त्यांच्याकडेच यायची. ते तड्यात लांबीची पुट्टी भरायचे, कानशीने घासायचे, वरून रंगाचा असा हात द्यायचे की ज्याने मूर्ती घडवली त्यालाही तडा सापडू नये. या कसबाचा त्यांना अभिमान होता. त्या कसबानेच त्यांना चुकीच्या वाटेला नेलं.

त्यांनी मुगाची डाळ भाजली, दळली आणि कारखान्यात रंगाची भुकटी गाळतात तशी ती तलम फडक्यातून गाळली. सकाळी समीक्षा आंघोळीला गेली असताना त्यांनी ती पोह्यांत कालवली. ती इतकी थोडी होती की पोहे पांढरेच दिसत होते.

“आता सापडू दे तडा!” ते स्वतःशीच हसले.

मनालीने पहिला घास घेतला. तोंड हलायचं थांबलं. तिने घास बाहेर काढला, ताटलीकडे बराच वेळ पाहिलं आणि ताटली दोन्ही हातांनी दूर ढकलली. रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी समीक्षाने नेहमीसारखेच साधे पोहे केले. मनालीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मनालीचे पोहे बंद झाले!

पुढे दहीभातही गेला. पांढऱ्या मऊ पदार्थांवरचा तिचा विश्वासच उडाला होता. गालाची हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं, दात आणि पोट तपासलं आणि म्हणाले, “वजन आणखी घसरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. जबरदस्ती मात्र अजिबात नको.”

घरी परतल्यावर दिनानाथांनी पोह्यांत डाळ कालवल्याचं कबूल केलं. मग म्हणाले, “मी तिच्या भल्यासाठीच केलं गो.”

“मला माहीत आहे, आबा,” समीक्षा म्हणाली. “पण तिला कसं माहीत असणार?”

त्याच आठवड्यात रोह्याहून मिरियमबाईंचा फोन आला. समीक्षाचं माहेर रोह्याचं. मिरियमबाई तिच्या शाळेतल्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम प्रशिक्षण घेतलं होतं आणि आता मनालीसारख्या मुलांना त्या घरी शिकवत. त्यांचे बहुतेक नातलग इस्राएलला गेलेले. मुलगाही तिकडेच. तिथे त्याला मुलगी झाली होती आणि त्या आनंदात बाईंनी घरी मलिदा ठेवला होता. मलिदा म्हणजे त्यांच्या बेने इस्राएल समाजातला, नवस फेडण्याचा किंवा आभार मानण्याचा प्रसाद.

“मनालीला घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “तिने काही खाल्लं नाही तरी चालेल. नुसती येऊन बसू दे.”

सुशीलची दुपारची शिफ्ट होती, म्हणून दिनानाथच दोघींना गाडीने रोह्याला घेऊन गेले.

बाईंच्या घरात माणसं थोडीच होती. स्वयंपाकघरात जमिनीवर चादर अंथरून बाई पोहे निवडत बसल्या होत्या. मलिद्याला पोहेच लागतात. ते भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची घालायची आणि भोवती फळं मांडायची. बाईंनी पोह्यांची पिशवी मनालीच्या समोर कात्रीने कापली आणि परातीत ओतली.

“हे पोहे. कोरडे. यात दुसरं काही घातलेलं नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि साळीचं एक तूस उचलून बाजूच्या वाटीत टाकलं.

मनाली जवळ सरकली. तिला पोह्यांतलं तूस लांबूनही दिसत होतं. एक तूस, वाटीत. दुसरं तूस, वाटीत. बाईंपेक्षा तिचा हात चपळ निघाला. मग तिने एक पोहा उचलला, उजेडाकडे धरला, हुंगला.

“खा, बाळा, खा!” दिनानाथ दारातून पुढे झाले.

बाईंनी मान वर न करता हाताने त्यांना थांबवलं. “दिनानाथराव, तुम्ही जरा बाहेर बघता का, माझा भाऊ निसीम आला का ते?”

दिनानाथ हिरमुसून मागे सरले, पण बाहेर काही गेले नाहीत. मनालीने तो पोहा जिभेच्या टोकावर ठेवला. थांबली. चावला. मग दुसरा. मग चिमूटभर!

समीक्षाने पदर तोंडाशी धरला. बाईंनी तिच्याकडेही पाहिलं नाही. त्या आपल्या तूस काढत राहिल्या, जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

संध्याकाळी बाईंचे भाऊ निसीम यांनी प्रार्थना म्हटली. मग तबकातला खजूर उचलून सगळ्यांना दाखवला, त्याची प्रार्थना म्हटली आणि तो वाटला. मग केळं उचललं. त्याची प्रार्थना वेगळी. एकेक फळ असं वर धरायचं, त्याच्यासाठी आभार मानायचे आणि मगच तोंडात घालायचं. मनाली आईच्या मांडीवर बसून प्रत्येक उचललेल्या फळाकडे टक लावून पाहत होती. खाल्लं तिने काहीच नाही. पण एरवी चार माणसांच्या जेवणातून उठून पळणारी मुलगी शेवटपर्यंत बसून राहिली.

पाहुणे गेल्यावर दिनानाथ बाहेरच्या ओट्यावर बाईंच्या शेजारी बसले.

“बाई, मी घरात करतो तर ती तोंड फिरवते आन् इथं कोरडे पोहे खाते. माझंच काय चुकतंय?”

“समीक्षाने मला सगळं सांगितलंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तडा बुजवायला गेलात.”

“व्हय. पण डाळ काय विष हाय का? चांगलीच वस्तू घातली ना मी!”

“प्रश्न डाळीचा नाही. तिच्या जगात भरवशाच्या गोष्टी मोजक्या. पोहे त्यातले एक. तुम्ही त्यात न सांगता काही घातलंत. त्या दिवशी तिला डाळ नाही नकोशी झाली. पोहे खोटे ठरले.”

दिनानाथ मान खाली घालून ओट्याची कड नखाने खरवडू लागले.

“मला एक सांगा,” बाईंनी विचारलं, “शाडूची ओली मूर्ती लवकर वाळावी म्हणून तुम्ही उन्हात ठेवता का?”

“छे छे! तडकेल ना ती! सावलीतच वाळवायची. तिचा वेळ तिला द्यावाच लागतो.”

“आणि ओल्या अस्तरावर रंग?”

“पोपडे सुटतील, बाई.”

“मातीला एवढा वेळ देता, दिनानाथराव!” बाई हसल्या. “नातीलाही द्या की. आणि काय हो, तुम्ही सगळं खाता?”

“सगळं! आमच्यात नखरे नायत.”

“आबा भेंडीला हात लावत नाहीत,” आतून समीक्षाचा आवाज आला.

“ती बुळबुळीत असते गो!” दिनानाथ ओरडले. आणि मग स्वतःच थबकले.

 

पेणला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दिनानाथ मनालीच्या समोर जमिनीवर बसले. त्यांनी पोह्यांची नवी पिशवी तिच्यापुढे ठेवली. “मनाली, आबाने तुझ्या पोह्यांत डाळ घातली होती. तुला सांगितलं नाय. चुकलं माझं. आता जे काय असेल ते सांगून वाढीन.”

तिला किती समजलं, हे सांगता येणार नाही. ती पिशवीकडे पाहत होती. पिशवी त्यांनी तिच्यादेखत कापली, तिच्यादेखत पोहे परतले आणि प्रत्येक वस्तू वर धरून दाखवली. “हे तेल. हे मीठ. आणखी काय नाय.” त्या दिवशी मनालीने खाल्लं नाही. पुढचे कित्येक दिवस ती कोरडे पोहेच खात राहिली. दिनानाथ रोज तीच तीन वाक्यं म्हणत राहिले. आणि एका सकाळी तिने परतलेल्या पोह्यांचा घास घेतला!

दिनानाथांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

मग बाईंच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घराने नवा शिरस्ता ठरवला. सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मनालीच्या ताटात तिचं ओळखीचं अन्न असणारच. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, अगदी थोडा आणि नाव सांगून. तो नुसता पाहिला तरी चालेल, हुंगला तरी चालेल, जिभेला लावून बाहेर काढला तरी चालेल. त्यासाठी ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवली. तिचं नाव ‘नको-वाटी’. तिच्यात काही टाकलं म्हणून कोणी रागवायचं नाही आणि काही खाल्लं म्हणून गोंधळ घालायचा नाही.

नवा पदार्थही जुन्याचा शेजारी हवा. मनालीला काचऱ्या आवडत, म्हणजे कुरकुरीत चालतं. म्हणून पेणचाच पोह्याचा पापड आणला. भाजलेला, पांढरा. तो पुष्कळ वेळा नको-वाटीत गेला. मग एकदा त्याची कड खाल्ली गेली. मग अर्धा पापड. दहीभात हळूहळू आपोआप परत आला. ओलं खोबरं मात्र तिने बोटांनी चिवडलं आणि कायमचं नाकारलं. ठीक आहे, सगळंच जमत नाही.

पोह्याच्या पापडानंतर दिनानाथांनी मुगाचा पापड वाटीत ठेवला. “हा मुगाचा पापड. यात मुगाची डाळ हाय,” त्यांनी स्पष्ट सांगितलं.  पापड दिवसेंदिवस नको-वाटीत गेला. पण एका दुपारी मनालीने तो उचलला, उजेडाकडे धरला, एक तुकडा मोडला आणि कुरकुर आवाज करत खाल्ला. चोरून भरवलेल्या ज्या डाळीने तिचं जेवण तोडलं होतं, तीच डाळ आज तिने स्वतःच्या हाताने घेतली होती!

पावसाळ्यात कारखान्यात कामाची घाई सुरू झाली. मनालीचं वजन सावरलं होतं. डॉक्टर समाधानी होते. अशात एका रविवारी मिरियमबाई जेवायला आल्या. समीक्षाने सगळ्यांची ताटं वाढली. मनाली उठली, भाजीच्या भांड्यातून एक फोड चिमटीत धरून तिने ती आजोबांच्या ताटात ठेवली आणि वर पाहून म्हणाली, “भेंडी.”

सगळ्यांनी माना वर केल्या. मनाली फार बोलत नसे. दिनानाथांनी भेंडीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. ती वाट पाहत होती.

“पोरी,” ते कसंबसं म्हणाले, “आज नुसता वास घेतो.”

त्यांनी खरोखर भेंडी हुंगली. मनालीने मान हलवली आणि आपली नको-वाटी अलगद सरकवून आजोबांच्या ताटाशेजारी ठेवली.

सुशील हसता हसता ठसकला. बाईंनी डोळे टिपले. आणि दिनानाथांनी ती फोड वाटीत टाकण्याआधी जिभेच्या टोकाला लावून पाहिली!

मंडळी, आपल्या घरात, शेजारात, शाळेत मनालीसारखं मूल असेल, तर त्याच्या आईला “तूच लाडावलंस” म्हणण्याआधी थोडं थांबू या. स्वमग्न मुलाचं न खाणं हा हट्ट नसतो. उपाशी ठेवून, दटावून किंवा फसवून ते सुटत नाही, उलट जे खात होतं तेही हातचं जातं. डॉक्टरांचा सल्ला घेऊ या, लहान पावलं टाकू या आणि मुलाला नाही म्हणायची मुभा देऊ या. अन्न पोटात जाण्याआधी विश्वास बसावा लागतो. तो बुजवून आणता येत नाही. तो रोजच्या रोज, खरं सांगून वाढावा लागतो.